घरच्या विमानाचा जीपीएस जमिनीवर ठणठणीत, हवेत गायब

बाळकुमकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

बाल्सा आणि प्लाय वापरून घरीच एक विमान बांधलंय. पंखांची लांबी १.८ मीटर, उडताना वजन १.९ किलो, पुढे एक मोटर. आत आर्डुपायलट (विमान आपोआप उडवणारं सॉफ्टवेअर) चालणारा फ्लाइट कंट्रोलर, यूब्लॉक्स एम१० चिपचा जीपीएस (होकायंत्र त्याच डबीत), रेडिओ ८६६ मेगाहर्ट्झचा, व्हिडिओ ट्रान्समीटर ५.८ गिगाहर्ट्झचा. पंखाच्या मधोमध वर ॲक्शन कॅमेरा, त्याच्या लगेच मागे लाकडी झाकणाखाली जीपीएस.

सोसायटीच्या गच्चीवर ठेवलं की दोन मिनिटांत २२ उपग्रह, एचडॉप (जागेच्या अचूकतेचा आकडा, कमी तितका चांगला) ०.७. मुरबाडकडच्या माळावर नेलं तरी जमिनीवर तेच चित्र. उडवलं की थोड्या वेळाने आकडा घसरायला लागतो: १८, १३, ९, ६. मग 'जीपीएस ग्लिच'. मधूनच 'नो जीपीएस' पण येतं. परतीचा मोड लावला तर विमान माझ्याकडे यायचं सोडून थेट डोंगराकडे निघालं. मॅन्युअलवर घेऊन उतरवलं, मोडतोड काही नाही.

मोड्यूल बदललं, फर्मवेअर नवीन टाकलं. फरक नाही. लॉग जोडतोय. "दुसरा जीपीएस घ्या" सोडून काहीही सुचवा, तो घेऊन झालाय.

कळव्याचा_पतंग

मांजा बांधून उडवा, जीपीएस लागतोय कशाला. हलकं घ्या.

रुमाल टाकून ठेवतो, माझ्या फोमच्या ग्लायडरलाही हाच आजार आहे.

व्यवस्थापक

धागा चांगला आहे, चालू द्या. मात्र गच्चीवरच्या चाचण्या प्रोपेलर काढूनच. आणि ठाण्यात उडवायचा विषय इथे काढू नका. कोलशेतला हवाई दलाचं ठाणं आहे, येऊरला राष्ट्रीय उद्यान. डिजिटल स्कायचा नकाशा उघडून लाल, पिवळा, हिरवा बघायचा आणि मगच सामान गाडीत भरायचं. हिरव्यातही ४०० फुटांच्या वर नाही. नवी मुंबईकरांनी नकाशा पुन्हा बघावा, विमानतळ सुरू झाल्यापासून उलवे, पनवेल, बेलापूरच्या आसपासची मैदानं विसरायची.

वाशीचा_वारा

मला तर हे सरळ स्पूफिंग (खोटे जीपीएस सिग्नल सोडणं) वाटतंय. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्ली विमानतळाजवळ मोठ्या विमानांना खोट्या जागा दिसत होत्या, पेपरात आलं होतं. इथेही कोणीतरी करत असणार.

सानपाडा_सोल्डर

मुरबाडच्या माळावर कोण कोणाला स्पूफ करणार हो? म्हशींना?

बाळकुमकर, ५ व्होल्टचा पुरवठा कुठून घेतलाय? सर्वो (पंख-शेपटाच्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी) आणि जीपीएस एकाच बेकवर (५ व्होल्ट देणाऱ्या सर्किटवर) असतील तर जोरात वळताना व्होल्टेज बसतं. लॉगमध्ये पॉवरच्या रांगेत व्हीसीसी (बोर्डाला मिळणारं व्होल्टेज) बघा. आणि सगळे प्लग एकदा हाताने ओढून बघा. ठाण्याच्या खाडीची हवा त्या बारीक पिनांना सहा महिन्यांत हिरवं करते, रोज बघतो दुकानात.

ऐरोलीची_अँटेना

स्पूफिंगची खूण वेगळी असते. उपग्रह भरपूर दिसतात, ताकदही छान दिसते, फक्त जागा खोटी असते. इथे उलट आहे, उपग्रहच एकेक करून सुटतायत. जॅमिंग (गोंगाट सोडून सिग्नल बुजवणं) म्हणावं तर खिशातल्या फोनलाही त्रास झाला असता. बाळकुमकर, विमान भरकटत होतं तेव्हा फोनवरचा नकाशा बरोबर होता का?

आणि चार प्रश्न:

व्हिडिओ ट्रान्समीटर नक्की ५.८ चाच ना? १.२-१.३ गिगाहर्ट्झवाला असेल तर पुढे बोलायलाच नको, जीपीएसच्या १५७५.४२ मेगाहर्ट्झपासून फार लांब नसतो तो.

झाकणाला किंवा आतून कुठे कार्बन फायबर, चंदेरी रंग, ॲल्युमिनियमची टेप? बाल्सा, फोम, काचतंतू यांतून सिग्नल जातो. कार्बन मात्र विद्युतवाहक आहे, त्याच्याखाली अँटेना म्हणजे पत्र्याखाली अँटेना.

जीपीएसचा चौकोनी सिरॅमिक तुकडा वर तोंड करून आहे ना?

कॅमेरा कधी चालू करता? आणि रेकॉर्डिंग?

बाळकुमकर

फोन व्यवस्थित होता, त्यावरच मार्ग नोंदवत होतो. ट्रान्समीटर ५.८ चाच. कार्बनची एक नळी आहे पंखात, पण ती जीपीएसच्या खाली आणि पुढे, वर काही नाही. सिरॅमिक आकाशाकडे.

कॅमेरा चालू करून ठेवतो, रेकॉर्डिंग फेकायच्या जरा आधी सुरू करतो. कार्ड भरतं नाहीतर.

सानपाडा, व्हीसीसी पूर्ण उड्डाणात ५.१, रेष सरळ आहे.

हँगर_निवृत्त

मी खारघरला असतो. छोट्या विमानांच्या एव्हियॉनिक्समध्ये आयुष्य गेलं. तुमचं खेळण्याएवढं असलं तरी दुखणं मोठ्यांचंच आहे, म्हणून लिहितो.

परदेशात लोक गॅरेजमध्ये दोन-चार आसनी विमानं बांधतात. आपल्याकडे चारकोपच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनी बांधलं, २०१६ मध्ये बीकेसीला मेक इन इंडियात मांडलं होतं, तुमच्यापैकी काहींनी पाहिलंही असेल. अशा विमानात प्रत्येक वस्तू बांधणारा स्वतःच्या सोयीने बसवतो. कारखान्यातल्या विमानात कुठली अँटेना कुठल्या अँटेनेपासून किती लांब हे आधीच ठरलेलं असतं. घरच्या विमानात डॅशबोर्डखाली जागा मिळाली की तिथे जीपीएसची अँटेना चिकटते, शेजारून व्हीएचएफ रेडिओची केबल जाते, वर यूएसबी चार्जर.

आता गणित बघा. रेडिओ १३१.२५ मेगाहर्ट्झवर बोलतो. पण आपल्या वारंवारतेच्या पटींवरही तो थोडा गळतो. त्याची बारावी पट १५७५.०. दुसरी वारंवारता १२१.१५, तिची तेरावी पट १५७४.९५. जीपीएस कुठे? १५७५.४२. पायलट बटण दाबून बोलायला लागला की उपग्रह जातात, सोडलं की येतात. बिचारा म्हणतो जीपीएस खराब आहे. म्हणून बसवल्यावर जमिनीवर १२१.१५, १२१.१७५, १२१.२ आणि १३१.२५, १३१.२७५, १३१.३ या सहा वारंवारतांवर प्रत्येकी अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ बटण दाबून धरायचं आणि एकेका उपग्रहाची ताकद बघत बसायचं, अशी पद्धत आहे. दोष सापडला तर रेडिओच्या अँटेनेच्या केबलमध्ये १५७५ अडवणारा नॉच फिल्टर, नाहीतर अँटेना लांब. जुन्या ईएलटीच्या (अपघातात जागा कळवणाऱ्या ट्रान्समीटरच्या) अँटेनाही चावट असतात, शेजारच्या रेडिओने उठवल्या की स्वतः बडबडतात.

तुमच्याकडे व्हीएचएफ नाही. पण काहीतरी आहे, जे उडताना चालू असतं आणि जमिनीवर नसतं. ताईंनी कॅमेऱ्याचं विचारलं ते उगाच नाही.

घोडबंदर_लोकल

काका, शिवकर तळपद्यांनी १८९५ मध्ये उडवल्याचं म्हणतात त्या विमानात जीपीएस कुठे बसवला होता?

व्यवस्थापक

तळपदे या धाग्यात नकोत. मागच्या वेळी ४०० प्रतिसाद झाले होते आणि एकात विमान नव्हतं.

ऐरोलीची_अँटेना

काकांनी नेमकं सांगितलं. थोडी भर.

जीपीएसचा सिग्नल २०,२०० किलोमीटरवरून येतो आणि आपल्यापाशी पोचेपर्यंत −१३० डीबीएमच्या आसपास उरतो. रिसीव्हरच्या दोनेक मेगाहर्ट्झ पट्ट्यात नुसत्या उष्णतेचा गोंगाट −१११ असतो. म्हणजे सिग्नल गोंगाटाच्या खाली गाडलेलाच असतो. १०२३ चिपांचा कोड आधीच ठाऊक असल्यामुळे रिसीव्हर त्याला उकरून काढतो. गर्दीच्या लोकलमध्ये पलीकडच्या दारातल्या माणसाने आपलं नाव हळूच घेतलं तरी कान टवकारतात, तसं. पण कुणी कानाशी भोंगा लावला तर नावही ऐकू येत नाही. तुमच्या विमानात भोंगा कुठला ते शोधायचंय.

लॉग उघडला. यात दोन वेगळे आजार आहेत, ते एकत्र करू नका.

पहिला: उपग्रह हळूहळू कमी होतात, एचडॉप वाढतो, पण स्टेटस ३ किंवा २ (जागा कळतेय) राहतो, कधी १ (जागा कळत नाही). म्हणजे मोड्यूल जिवंत आहे, बोलतंय, त्याला आकाश दिसत नाही एवढंच.

दुसरा: स्टेटस एकदम ० (जीपीएसच नाही). त्याच्या आधीच्या ओळीत उपग्रह चांगले १५. जीपीए रांगेत डेल्टा (दोन निरोपांमधला वेळ) बघा, दर २०० मिलिसेकंदांनी येणारा निरोप बंद झालाय आणि नंतर एकदम चार सेकंदांच्या वर उडी आहे. आर्डुपायलट चार सेकंद वाट बघतो आणि जीपीएस नाहीच असं समजतो. हा आकाशाचा दोष नाही. मोड्यूल आणि बोर्ड यांच्यात तार तुटतेय. व्हीसीसी सरळ आहे म्हणजे सानपाडांचा दुसरा अंदाज बरोबर, प्लग किंवा क्रिंप (तारेवर दाबून बसवलेली पिन).

सानपाडा_सोल्डर

धन्यवाद ताई. बाळकुमकर, बोर्डाकडच्या प्लगमधली एकेक तार चिमट्याने हलकी ओढा. सहा पिनांच्या त्या जेएसटी प्लगात एखादी पिन नुसती अडकून बसलेली असते, इन्सुलेशन धरलेलं, तांबं नाही. मल्टिमीटरवर बीप देते, थरथरली की सोडते.

मुरबाडी

ज्या माळावर उडवता त्याच्या कडेने उच्चदाबाची लाइन जाते. आमच्या शेतात रेडिओ लावला तरी घरघरतो. त्याचा काही संबंध?

ऐरोलीची_अँटेना

रेडिओ घरघरतो तो मीडियम वेव्हवर. त्या लाइनीचा गोंगाट वारंवारता वाढेल तसा उतरत जातो, दीड गिगाहर्ट्झपर्यंत फारसा उरत नाही. विमान मात्र लाइनीपासून लांबच ठेवा, कारण वेगळं आहे.

बाळकुमकर, आता गच्चीवर हे करा. प्रोपेलर काढा. लॉग डिसआर्म्ड १ करा म्हणजे मोटर न उठवताही नोंद होईल. सिरिअल पासने (बोर्डातून आरपार जोडणीने) जीपीएस लॅपटॉपवर यू-सेंटर २ ला, म्हणजे यूब्लॉक्सच्या सॉफ्टवेअरला जोडा. आणि कृपा करून उपग्रह मोजू नका. एम१० चार यंत्रणांचे (अमेरिका, रशिया, युरोप, चीन) उपग्रह एकदम धरतो, त्यामुळे कमकुवत असले तरी आकडा फुगलेला दिसतो. गच्चीवर २२ दिसले म्हणून तुम्ही निर्धास्त झालात ते त्यामुळेच. डोक्यावरचे चार-पाच निवडा आणि त्यांचा सी/एन० (गोंगाटाच्या मानाने सिग्नलची ताकद) लिहा, डीबी-हर्ट्झमध्ये. ४२ च्या वर उत्तम, ३५ च्या खाली काळजी, ३० च्या खाली वळणात सुटणार.

आधी नुसता बोर्ड आणि जीपीएस. मग एकेक वस्तू चालू करत जा, प्रत्येक वेळी काही मिनिटं थांबा. कॅमेरा दोनदा: नुसता चालू, आणि रेकॉर्डिंग करताना. कार्डावर लिहायला लागला की आतली मेमरी पळायला लागते आणि मग त्याचा आवाज वेगळाच असतो.

वाशीचा_वारा

जॅम इंडिकेटर नावाचा आकडा असतो ना यूब्लॉक्समध्ये, ० ते २५५? तोच बघायचा की सरळ.

ऐरोलीची_अँटेना

बघा, पण तो एकाच वारंवारतेवरची शिट्टी पकडतो. पसरट गोंगाट असेल तर तो गप्प राहतो आणि सगळं आलबेल वाटतं. त्यापेक्षा ग्लोनास (रशियाचे उपग्रह) बघा. ग्लोनास १६०२ च्या आसपास. फक्त जीपीएस पडला आणि ग्लोनास टिकला तर अरुंद शिट्टी. दोघे एकदम पडले तर पसरट.

बाळकुमकर

गच्चीवर बसलो. शेजारच्या आजींना वाटलं टीव्हीची डिश लावतोय.

नुसता बोर्ड आणि जीपीएस: ४४-४५.
व्हिडिओ ट्रान्समीटर चालू: ४३.
कॅमेरा चालू, रेकॉर्डिंग बंद: ४१.
रेकॉर्डिंग सुरू: ३२-३३, आणि ग्लोनासही सोबत पडला. बंद केलं की काही सेकंदांत परत ४१.
मोटर पूर्ण जोरात (प्रोपेलरविना): फरक नाही.

जॅम इंडिकेटर हललाच नाही, ताई म्हणाल्या तसं.

तारेचं: टीएक्सची (निरोप पाठवणारी) तार चिमट्यात आली ती पिन सोडूनच आली. बॅटरीचा पट्टा त्या प्लगवरूनच जात होता. नवीन केबल आणली, पट्टा बाजूला घेतला.

हँगर_निवृत्त

उत्तम. आता एका वेळी एकच बदल. आधी फक्त नवीन केबल घालून उडवा, कॅमेरा आहे तिथेच, रेकॉर्डिंग चालू. 'नो जीपीएस' गेलं पाहिजे, घसरण राहिली पाहिजे. तसं झालं तर निदान पक्कं. दोन्ही एकदम बदललंत तर कशाने गेलं ते कधी कळणार नाही आणि पुढच्या पावसाळ्यात परत येईल.

सानपाडा_सोल्डर

कॅमेऱ्यावर तांब्याची टेप गुंडाळा, लॅमिंग्टन रोडला रोल मिळतो. टेपचं एक टोक ग्राउंडला सोल्डर करा. जागा बदलायची गरज नाही.

ऐरोलीची_अँटेना

टेपने थोडं कमी होईल, पण लेन्स आणि पडदा उघडाच राहणार आणि केबल बाहेर येणारच, आवाज तिथून निघतो. कॅमेरा तापतो ते वेगळं, एप्रिलच्या उन्हात टेपमध्ये गुंडाळलेला कॅमेरा मध्येच बंद पडेल. अंतर हा सगळ्यात स्वस्त फिल्टर आहे. आत्ता दोघांत किती आहे?

बाळकुमकर

९ सेंटीमीटर. शेपटाकडे उभ्या पंखाच्या पुढे जीपीएस नेला तर ४५ होईल.

ऐरोलीची_अँटेना

पाचपट अंतर म्हणजे ढोबळमानाने १४ डीबी. इतक्या जवळ गणित काटेकोर चालत नाही, पण दिशा तीच. न्या शेपटाकडे. मोड्यूलखाली ६-७ सेंटीमीटरचा चौकोनी तांब्याचा पत्रा द्या, सिरॅमिक अँटेनेला खाली जमीन लागते आणि खालून येणारा आवाजही जरा अडतो.

घोडबंदर_लोकल

शेपटीत वजन टाकल्यावर विमान नाक वर करून बसेल की.

बाळकुमकर

जीपीएस, पत्रा, केबल मिळून २० ग्रॅमच्या आसपास, सुमारे ३५ सेंटीमीटर मागे. बॅटरी ३५० ग्रॅमची आहे, दोन सेंटीमीटर पुढे सरकवली की हिशोब मिटतो. पुढे तेवढी जागा आहे.

सानपाडांच्या समाधानासाठी आधी टेप लावून गच्चीवर बघितलं: ३२ चे ३५-३६ झाले. कॅमेरा खरोखरच तापला. टेप काढली.

सानपाडा_सोल्डर

३ डीबी म्हणजे निम्मा गोंगाट गेला, तेवढं तरी लिहा. 🙂

बाळकुमकर

मुरबाडहून आलो. हँगरकाकांनी सांगितलं त्याच क्रमाने.

फक्त नवीन केबल: 'नो जीपीएस' एकदाही नाही, डेल्टा २०० वर स्थिर. रेकॉर्डिंग सुरू केल्यावर उपग्रह पूर्वीसारखेच घसरले, ८ पर्यंत. मग त्याच जागी रेकॉर्डिंग बंद ठेवून उडवलं: १९ च्या खाली गेले नाहीत. तीव्र वळणात १७ होतात आणि सरळ झालं की परत येतात, ते पंख आकाश झाकतो त्यामुळे असणार.

घरी येऊन जीपीएस शेपटाकडे नेला. गच्चीवर रेकॉर्डिंग चालू असताना ४२-४३.

पण नवी कटकट: आता 'कंपास नॉट हेल्दी' येतंय. जागा बदलली म्हणून पुन्हा कॅलिब्रेट केलं, तरी मध्येच येतं.

ऐरोलीची_अँटेना

ते येणारच होतं, मी आधी लिहायला हवं होतं. जीपीएसचा निरोप सिरिअलवरून येतो, त्याला अर्धा मीटर तार काहीच नाही. होकायंत्र आय-टू-सीवर बोलतं आणि आय-टू-सी एकाच बोर्डावरच्या चिपांसाठी बनलंय. लांब तारेत त्याच्या कडा बोथट होतात. एसडीए आणि एससीएल (आय-टू-सीच्या दोन तारा) एकमेकांना पीळ घालू नका, प्रत्येक ग्राउंडच्या तारेबरोबर पिळा. तेवढ्याने भागलं तर ठीक.

हँगर_निवृत्त

शेपटात एलेव्हेटरचा सर्वोही असेल. त्याची मोटर आणि लोहचुंबक होकायंत्राच्या किती जवळ आहे ते बघा.

कळव्याचा_पतंग

होकायंत्र काढूनच टाका ना. मी ग्लायडरमधून कधीच काढलं, आर्डुपायलट कुरकुरत नाही. कंपास एनेबल ०. विमान सतत पुढे जात असतं, जीपीएसच्या वेगावरून आणि आतल्या जायरोवरून त्याला दिशा कळते. ड्रोन एका जागी तरंगतं म्हणून त्याला होकायंत्राशिवाय करमत नाही.

ऐरोलीची_अँटेना

पतंगराव पहिल्यांदाच कामाचं बोलले. विमानासाठी हे चालतं. फक्त फेकल्यावर पहिले काही सेकंद सरळ जाऊ द्या, दिशा जुळली की मग ऑटो. आणि जीपीएस परत कधी हरवलाच तर होकायंत्राचा आधार नसेल, हे धरून चाला. वेगमापक नळी लावलीत तर तेवढ्या वेळात अंदाजाने उडायला मदत होते.

मुरबाडी

पुढच्या वेळी याल तेव्हा आधी कळवा. भातकापणी झाली आहे, लाइनीपासून लांब आमची खाचरं मोकळी आहेत, बांध सांभाळून उतरवा म्हणजे झालं.

बाळकुमकर

होकायंत्र बंद केलं, उडवलं. रेकॉर्डिंग चालू, २० ते २३ उपग्रह, सी/एन० ४२. परतीचा मोड पाच वेगवेगळ्या बाजूंनी लावून पाहिला, दरवेळी डोक्यावर येऊन घिरट्या घातल्या. लॉग जोडलाय. वेगमापक नळी मागवली आहे, तिचा धागा वेगळा काढेन.

मुरबाडीदादा, फोन करूनच येतो.

कळव्याचा_पतंग

वाखु (वाचनखूण) साठवली. माझ्या ग्लायडरवर कॅमेरा जीपीएसपासून ४ सेंटीमीटरवर आहे, आता मोजला.